शेजारच्या सीटवरचा तो

४ मार्च, बुधवार

डॉक्टर म्हणाले, "राग आला की बोलू नका, लिहून काढा. तुमच्या ब्लडप्रेशरला तेच बरं." टायरच्या दुकानदाराने नवीन वर्षाला दिलेली डायरी कोरीच पडून होती, ती काढली. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात टायरचं चित्र आहे. असू दे.

तर राग. माझे केस काळे होते तेव्हापासून मी लोकांना गाडी शिकवतोय. क्लच सोडताना लोकांनी माझी हाडं खिळखिळी केली, एका महाभागाने गाडी थेट न्हाव्याच्या दुकानाच्या पायरीवर नेली आणि आतल्या गिऱ्हाइकाने अर्ध्या दाढीवर धूम ठोकली, तरी माझं ब्लडप्रेशर जागचं हललं नाही. ते वाढलं एका गाण्याने. आणि गाणं कुणाचं? आमच्याच कन्यारत्नाचं.

घरात तिला ठमी म्हणतात. बाहेर आता तिला सगळं जग ओळखतं. विमा कंपनीतली चांगली नोकरी सोडून, आमची जुनी शिकवणीची गाडी घेऊन ती दुसऱ्या शहरात गाणी करायला गेली, त्याला दीड वर्ष झालं. आणि आता हे गाणं. "शेजारची सीट". चहाच्या टपरीवर तेच, पेट्रोलपंपावर तेच. आज तर माझ्याच गाडीत. औषधांच्या दुकानातल्या बाई सध्या माझ्याकडे शिकतात, मनातल्या मनात मी त्यांना गोळीबाई म्हणतो. त्यांच्या फोनवर वाजत होतं:

मी चालवत होते, तू बाहेर बघत होतास,
एवढा रस्ता माझ्यावर टाकून
तू बाहेर बघत होतास.

"काय गोड आहे ना, सर?" गोळीबाई म्हणाल्या. "पेपरात आलंय, खरी गोष्ट आहे म्हणे तिच्या आयुष्यातली."

खरी गोष्ट! म्हणजे आहे कुणीतरी. कुणीतरी ठोंब्या माझ्या मुलीच्या शेजारी ऐसपैस बसला, तिला गाडी हाकायला लावली आणि स्वतः लाटसाहेबासारखा खिडकीबाहेर बघत राहिला. मी तिला गाडी शिकवली ती काय असल्या ऐतखाऊंना फिरवायला?

ती माझी मुलगी आहे हे गोळीबाईंना सांगितलं नाही. विद्यार्थ्याचं लक्ष रस्त्यावर असावं. फोन मात्र बंद करायला लावला.

५ मार्च, गुरुवार

आज पुढचं कडवं कानावर पडलं. चुकवायचं म्हटलं तरी पडतंच.

तू एकदाही मला छान म्हणाला नाहीस,
तरी तुझ्यासाठी मी अजून आरशात बघते.

अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे बघा, हा माणूस तोंडाने दोन चांगले शब्द काढत नाही, इतका कंजूष, आणि आमची पोर त्याच्यासाठी अजून आरशापुढे नटतेय! मी असतो तर कान धरून विचारलं असतं, बाबा रे, तुझ्या तोंडाला कुलूप लावलंय का?

दुपारी गोळीबाईंनी दोन गाड्यांच्या मधोमध उलटी गाडी लावली, कागद सरकवावा तशी अलगद. मी म्हटलं, "चालेल. पण आरसा! आरसा कोण बघणार, मी?" आरशासाठी मला रोज घसा कोरडा करावा लागतो. सगळ्यांनाच सांगावं लागतं.

७ मार्च, शनिवार

ठमीने दोन पास पाठवलेत. अठ्ठावीसला आपल्याच शहरातल्या मोठ्या सभागृहात तिचा कार्यक्रम आहे. दुसऱ्या दिवशी ती वर्षभराच्या दौऱ्यावर परदेशी निघणार. आधी तिकडे, मग आणखी तिकडे. हिने नकाशात दाखवलं, मी बघितल्यासारखं केलं.

हिने विचारलं, "निळा शर्ट इस्त्रीला टाकू का?"

मी म्हटलं, "मी येणार नाही."

"का बरं?"

"आधी तो कोण ते कळू दे."

"कोण तो?"

"गाण्यातला! शेजारी बसणारा!"

ही म्हणजे माझी बायको. आमच्या ड्रायव्हिंग स्कूलचं ऑफिसही हीच बघते. ऑफिस म्हणजे दोन खुर्च्या, एक फोन आणि भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता. तर ही खुर्चीत मागे टेकली. "अहो, तुम्हाला खरंच कळलं नाही?"

"मला कुणी सांगेल तेव्हा कळेल ना!"

"शेजारी बसून बाहेर बघणारी माणसं अशी किती असतात हो जगात?"

"तेच तर म्हणतोय! शोधायचा कसा?"

"शोधा शोधा," असं म्हणत ती घाईघाईने बाहेर गेली. तिचे खांदे हलत होते. खोकला झालाय बहुतेक. औषध आणायला हवं.

खरं काय ते लिहितो, डायरीत लाजायचं कशाला? मुलगी मोठी झाली, तिचं कुणी असेल, असावंच. पण जगाला सांगितलं, रेडिओला सांगितलं, पेट्रोलपंपाला सांगितलं, आणि बापाला नाही. हे लागलं मला. आता वर्षभर जाणार, म्हणजे तो बरोबर असणार. उद्या तिकडेच राहिली तर? आम्ही इथे बसू तिचा आवाज ऐकत, टपरीवर.

१० मार्च, मंगळवार

पहिला संशयित: चष्म्याच्या दुकानातला उंच मुलगा. शाळेत ठमीबरोबर होता, तिला गिटार आणून द्यायचा. मी त्याला म्हटलं, "चल, जरा चक्कर मारून येऊ."

माझी योजना पक्की होती. गाण्यात काय पुरावा आहे? तो शेजारी बसतो आणि बाहेर बघतो. म्हणून मी स्वतः गाडी चालवायची, त्याला शेजारी बसवायचं आणि बघायचं, बाहेर बघतो का.

आता यात एक अडचण आली. स्टिअरिंगच्या मागे मी क्वचितच बसतो. माझी जागा शेजारची. त्यामुळे मला सगळंच उलटं वाटत होतं, त्यात एक डोळा त्या पोरावर. तो काही केल्या बाहेर बघेना! वरचं हँडल दोन्ही हातांनी धरून, डोळे फाडून समोर बघत होता. "काका, सिग्नल... काका, सायकलवाला... काका!" आणि आम्ही कचऱ्याच्या पेटीला जाऊन भिडलो.

पेटीला काही झालं नाही. गाडीच्या बंपरला पोचा आला. तो उतरून चालतच परत गेला. हा तो नव्हे. माझ्या शेजारी बसून ज्याची पाचावर धारण बसते, तो बाहेर काय बघणार.

हिने पोचा बघितला. खोकला अजून आहेच.

१२ मार्च, गुरुवार

आजचा दिवस चांगला गेला, म्हणून लिहितो. डॉक्टरांनी चांगलं लिहायला मनाई केलेली नाही.

माझी शिकवायची एक पद्धत आहे. शिकवणीच्या गाडीत माझ्या बाजूलाही एक ब्रेक आणि एक क्लच असतो. पहिले काही दिवस माझा पाय सारखा त्या ब्रेकवर. मग हळूहळू पाय नुसता वर धरायचा, टेकवायचा नाही. आणि मग एक दिवस असा येतो की आपल्याला आतून कळतं, आता हा माणूस चालवू शकतो. त्या दिवशी मी दोन्ही पाय गुपचूप मागे सीटखाली ओढून घेतो, हाताची घडी घालतो आणि खिडकीबाहेर बघतो. दुकानांच्या पाट्या वाचतो. शिकणाऱ्याला यातलं काही सांगायचं नाही. सांगितलं की त्याचे हातपाय गळतात. आपण समोर बघत राहिलो तरी त्याला वाटतं, सरांना भरवसा नाही. म्हणून बाहेरच बघायचं, अगदी कंटाळा आल्यासारखं. आत काळीज किती का धडधडेना.

आज गोळीबाईंचा तो दिवस आला. पाय काढले. "किल्ल्या बनवून मिळतील." "जुने पंखे दुरुस्ती." "दात एका बैठकीत." सगळ्या पाट्या वाचून झाल्या आणि गाडी बाजारातून लोण्यासारखी बाहेर आली.

उतरताना बाई म्हणाल्या, "सर, तुम्ही आज ब्रेक दाबलाच नाहीत!"

"चालेल," मी म्हटलं. "उद्या चढावरचा सिग्नल."

त्या जागच्या हलेनात. "सर, तुम्ही सगळ्यांना असंच शिकवता? बाहेर बघत?"

"सगळ्यांना."

"घरच्यांनासुद्धा?"

"मुलीला शिकवलं तेव्हा तर पहिल्याच आठवड्यात पाय काढले. पोरीचा हातच तसा. तिच्या शेजारी बसून मी अख्ख्या शहराच्या पाट्या पाठ केल्या."

"काय करते हो मुलगी?"

आता थेट विचारलं तर खोटं कशाला बोला. "गाते," मी म्हटलं आणि नाव सांगितलं.

बाईंनी तोंडावर हात ठेवला. डोळे एवढे मोठे केले की मला वाटलं मागून बस येतेय. मग त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही ते गाणं नीट ऐकलंय का?"

मी म्हटलं, "बाई, त्या गाण्याचं नाव काढू नका. त्यातला तो इसम मला सापडू दे फक्त."

त्यावर त्या रस्त्यातच इतक्या हसल्या की दारावर हात ठेवून उभं राहावं लागलं. पहिल्यांदा गाडी जमली की काही लोकांचं असं होतं.

१५ मार्च, रविवार

ठमीचा फोन आला. ही आंघोळीला गेली होती, म्हणून मी घेतला. 

"बाबा?"

"हं."

"कसा आहेस?"

"बरा. गाडी कशी आहे?"

"छान आहे."

"ऑइल बदललंस का?"

"बदललं. बाबा, पास मिळाले ना?"

"हं. थांब, आई आली."

ही आली नव्हती. साबण लावून बाथरूममध्ये होती. मी फोन तसाच दाराशी धरून उभा राहिलो. "कोण तो?" एवढे दोन शब्द विचारायचे होते, जिभेवर आले आणि तिथेच बसले. सगळ्या शहराला मी ओरडून शिकवतो, आणि स्वतःच्या मुलीशी बोलायचं म्हटलं की मला इंजिन ऑइल सोडून काही सुचत नाही. ती निघाली त्या दिवशीही मी बॉनेटमध्ये डोकं खुपसून उभा होतो. ती गेली, कोपऱ्यावर नीट इंडिकेटर देऊन वळली, तरी मी तिथेच.

१७ मार्च, मंगळवार

दुसरा संशयित: विमा कंपनीत ठमीच्या शेजारच्या टेबलावर बसणारा टायवाला. ऑफिस सुटल्यावर त्याला गाठलं. "घरी सोडतो," म्हटलं.

बसल्या बसल्या त्याने मान वळवली आणि खिडकीबाहेर बघायला लागला. पुढच्या चौकापर्यंत बाहेर. पुलापर्यंत बाहेर. मी दोन प्रश्न विचारले, त्याने "हं" आणि "हो" म्हटलं, बाहेर बघतच. माणूस तोच! एकदाही छान न म्हणणारा, तोंडाला कुलूप असलेला!

गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि शांतपणे म्हटलं, "सरळ सांग. किती दिवस चाललंय हे?"

तो कसाबसा म्हणाला, "लहानपणापासून, काका. गाडीत बसलं की मला मळमळतं. बाहेर बघितलं की जरा..." आणि दार उघडून बाहेर वाकला.

त्याला पाणी दिलं. जरा तरतरी आल्यावर त्याने खिशातून फोन काढून बायकोचा आणि जुळ्या मुलींचा फोटो दाखवला. गोड आहेत मुली. ठमीची आठवण काढून म्हणाला, "ती ऑफिसात तुमचंच बोलायची सारखं." मी म्हटलं, "माझं काय बोलणार? नावं ठेवत असेल." "छे हो," तो म्हणाला आणि पुन्हा दारातून बाहेर वाकला, त्यामुळे पुढचं राहूनच गेलं.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. हिने उशीत तोंड खुपसलं. खोकल्याचं औषध आणलंय ते घेतच नाही.

१९ मार्च, गुरुवार

ही आणि गोळीबाई ऑफिसात कुजबुजत होत्या. मी आत गेलो तर दोघी वाहतुकीच्या तक्त्याकडे बघायला लागल्या. "प्रवेश बंद" हा काय इतका हसण्यासारखा विषय आहे?

२२ मार्च, रविवार

आज कुणावर ओरडलो नाही. हिने कपाळाला हात लावून बघितला.

जाऊ नये असंच वाटतंय. तिथे तो असणार, पहिल्या रांगेत. लोक वळून वळून बघणार त्याच्याकडे. आणि मी कोण? बाप. गाण्यात बापाचं काय काम? गाणी काय कुणी बापावर लिहीत नाही, ते ठीकच आहे, माझी तक्रार नाही. पण तिला सायकल, मग स्कूटर, मग गाडी, सगळं मी शिकवलं. आणि शेजारच्या सीटचं गाणं निघालं ते भलत्याच माणसावर! मत्सर वाटतोय, आणि काय. या वयात. लिहिलं, आता खोडणार नाही.

२४ मार्च, मंगळवार

गोळीबाई पास झाल्या! परीक्षा घेणारा अधिकारी त्यांच्या शेजारी बसला होता, मी फुटपाथवर उभा. चढावरच्या सिग्नलला गाडी तसूभर मागे आली नाही. मी मुठी इतक्या आवळल्या होत्या की नखं रुतली. बाई नाचत आल्या, केक घेऊन आल्या, ऑफिसात सगळ्यांना कापून दिला.

"सर, आज तरी म्हणा की."

"काय?"

"काहीतरी चांगलं!"

मी विचार करून म्हटलं, "केक बरा आहे."

ही म्हणाली, "बघितलंत? मी सांगितलं होतं तुम्हाला." आणि दोघी पुन्हा सुरू. हल्ली या घरात मी एकटाच शुद्धीवर आहे.

२६ मार्च, गुरुवार

ठरलं. जातोय.

सकाळी दाढी करत होतो. रेडिओवर ठमीची मुलाखत लागली. निवेदिकेने लाडात येऊन विचारलं, "मग परवा येणार का तो? शेजारच्या सीटवरचा?"

ठमी हसली नाही. म्हणाली, "बोलावलंय मी त्याला. पण येईल की नाही माहीत नाही."

"नाही आला तर?"

"नाही आला तर..." आणि तिचा आवाज जरासा घसरला. कुणाला कळलं नसेल, मला कळलं. लहानपणी गुडघा फुटला आणि रडायचं नाही असं ठरवलं की तिचा आवाज असा व्हायचा. "नाही आला तर गाईन तसंच. पण गेल्यावर वर्षभर तेच डोक्यात राहील माझ्या."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझ्या मुलीने बोलवावं आणि त्याने भाव खावा? कोण समजतो कोण हा स्वतःला? साबणाच्या तोंडानेच बाहेर आलो आणि हिला म्हटलं, "निळा शर्ट काढ. आपण जायचं."

ही बघतच राहिली. "कळलं तुम्हाला?"

"सगळं कळलं. तो गृहस्थ यायचा नाही. असली माणसं ऐन वेळी येत नाहीत. ती तिथे उभी राहील, त्या रिकाम्या खुर्चीकडे बघेल, आणि एवढ्या लोकांसमोर तिचा आवाज फुटेल. तेव्हा निदान बाप तरी समोर दिसायला हवा तिला. आणि आलाच, तर मला त्याला एकदा बघायचंय."

ही स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून बराच वेळ उभी राहिली. मी आत डोकावलो तर भांडी नव्हतीच धुवायला. आणि या वेळी ती हसत नव्हती.

२९ मार्च, रविवार

कालचं सगळं लिहितो, नीट, क्रमाने.

सभागृहापर्यंत गोळीबाईंनी नेलं, त्यांच्याच नव्या गाडीतून. हटूनच बसल्या, पहिली लांबची फेरी सरांना घेऊन म्हणून. मी त्यांच्या शेजारी, ही मागे. त्या गाडीत माझ्या बाजूला ब्रेक नाही हे मला निम्म्या वाटेत कळलं. पायाने दाबायला गेलो तर खाली नुसती चटई.

तिसऱ्या रांगेत मधल्या तीन खुर्च्या होत्या, गोळीबाईंसाठीचा पास हिने ठमीकडून आधीच मागवला होता. मी बसल्या बसल्या आजूबाजूचे सगळे पुरुष तपासले. एक दाढीवाला संशयास्पद होता, पण तो लहान मुलाला मांडीवर घेऊन बिस्किटं भरवत होता.

ठमी आली. किती लहान दिसते हो ती एवढ्या मोठ्या मंचावर. चार गाणी म्हणाली. लोक बरोबर गात होते. माझ्या पोरीची गाणी लोकांना पाठ! मी टाळ्या वाजवल्या, इतरांपेक्षा जरा जास्तच वेळ. मग दिवे कमी झाले, ती माइकजवळ आली आणि म्हणाली, "पुढचं गाणं कुठलं ते तुम्हाला माहितीये."

सभागृह ओरडलं.

"सगळे विचारतात, तो कोण. मी सांगत नव्हते, कारण त्याला स्वतःला कळावं असं वाटत होतं. मला वाटलं होतं तो येणार नाही. पण तो आलाय."

आला! म्हणजे हरामखोर आला! मला राहवेना. हिने बाही धरायच्या आत मी उठून उभा राहिलो आणि मागे वळलो. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत नजर फिरवली. कोण आहेस, उभा राहा, बघू दे एकदा तोंड तुझं!

आणि टाळ्या सुरू झाल्या.

पहिल्यांदा मला वाटलं, तो माझ्या मागे उभा राहिला असेल. म्हणून पुन्हा मंचाकडे वळलो. तिथे ठमी एकटीच, माझ्याकडे बघत. पुन्हा मागे वळलो. टाळ्या वाढल्या. बाल्कनीतले लोक उठून उभे राहिले. कुणीतरी माझ्यावर दिवा मारला, डोळे दिपले, मी हाताने डोळ्यांवर आडोसा केला तर लोकांना वाटलं मी सलाम केला. आणखी टाळ्या. दाढीवाल्याचं पोर माझ्याकडे बोट दाखवून बिस्कीट हलवत होतं.

मी खाली वाकून हिला विचारलं, "अगं, हे सगळे माझ्याकडे का बघतायत?"

हिचे डोळे वाहत होते. म्हणाली, "अहो, तुम्हीच आहात तो. वेडा माणूस तुम्ही. तुम्हीच."

मी कसा बसलो आठवत नाही. बहुतेक गोळीबाईंनी खाली ओढलं. आणि मग ती गायला लागली, आणि तेच गाणं, टपरीवरचं, पेट्रोलपंपावरचं, मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मी चालवत होते, तू बाहेर बघत होतास. अरे, मी पाट्या वाचत होतो! तिला काय माहीत, असं मला वाटायचं. तिला सगळं माहीत होतं. पाय कधी काढले तेसुद्धा माहीत होतं.

कार्यक्रम संपल्यावर आम्हाला मागच्या खोलीत नेलं. आरशांना दिवेच दिवे, खुर्च्यांवर कपडे, कोपऱ्यात ड्रमवाला टॉवेलने मान पुसत बसलेला. ठमी घामाने निथळत उभी होती. मी म्हटलं, "मी त्या मुलाला शोधत होतो."

"माहितीये बाबा. आई रोज सांगायची फोनवर. कचऱ्याची पेटी ऐकली तेव्हा मी हसून हसून जमिनीवर बसले होते."

"रोज?" मी हिच्याकडे बघितलं. ही छताकडे बघायला लागली. खोकला पार बरा झालेला.

"मला वाटलं तू रागावली आहेस," मी म्हटलं. "तू निघालीस तेव्हा मी काही बोललो नाही म्हणून."

"होते ना रागावलेली. दोन-तीन महिने चांगलीच. मग एकदा पुलावरून चालले होते, समोरून ट्रक अंगावर आला. मी गाडी बरोबर बाहेर काढली. आरसा बघून, हं. आणि मग बाजूला थांबवली आणि सवयीने शेजारी बघितलं. तू नव्हतास. खाली तुझ्या ब्रेकच्या जागी नुसती दोन भोकं होती. मी इतके दिवस ती गाडी चालवत होते, माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तू कधी काढलास रे तो ब्रेक?"

"तू निघायच्या आदल्या दिवशी."

"बोलला नाहीस."

"बोललो असतो तर तुझे हातपाय गळले असते."

ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. मला वाटलं, आता ऑइलचं विचारलं तर मी माणूस नाही. म्हणून जे आलं ते तोंडातून जाऊ दिलं. "ठमे, मला तुझी फार आठवण येते गं. रोज येते. तू गेल्यापासून घरात करमत नाही. आणि तू गायला लागलीस की मला श्वास घ्यायचं सुचत नाही, इतकी छान गातेस तू. जा तू, खुशाल जा, सगळं जग फिरून ये. पण मला फोन कर. आईला नाही, मला."

एवढं लांब मी तिच्याशी आयुष्यात बोललो नव्हतो. तिने घामाच्या अंगानेच मला मिठी मारली, निळ्या शर्टाचं पार पोतेरं झालं. मीही रडलो, चांगला आवाज करून, ड्रमवाल्यासमोर. त्याने बिचाऱ्याने स्वतःचा टॉवेल पुढे केला, आम्ही दोघांनी तो वापरला. आणि तेवढ्यात गोळीबाई धावत आल्या आणि दारातूनच ओरडल्या की त्यांनी गाडी लावलीय ती नेमकी बाहेर जायच्या फाटकासमोर, मागे रांग लागलीय, आणि सर, प्लीज, आता तुम्हीच काढा.